ठिपक्यांत हरवलेला खिसा

खाकी उतरवून आता काही वर्षे झाली. नोकरीत पाहिलेल्या चोऱ्या, मारामाऱ्या आणि फसवणुकी आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे कधी कधी मला बायकोला विचारावे लागते. पण एका शर्टाचा खिसा मात्र आजही लख्ख आठवतो. खरे तर तो खिसा दिसतच नव्हता, आणि सगळा तपास त्या न दिसण्यावरच फिरला. संबंधितांची नावे मी घेणार नाही. त्यांतले बहुतेक जण अजून लालबाग-परळमध्येच राहतात आणि भेटले की मला चहा पाजतात.

तेव्हा मी परळ भागातल्या एका ठाण्यात गुन्ह्यांच्या तपासाचे काम पाहणारा निरीक्षक होतो. लष्कराने जवानांच्या लढाऊ गणवेशाचा छाप नुकताच बदलला होता. पूर्वीचा जंगली छाप, म्हणजे पानांसारख्या हिरव्या-तपकिरी डागांचा, बाजारात इतका बोकाळला होता की पोरांच्या अर्ध्या चड्डीपासून स्कूटरच्या सीट कव्हरपर्यंत सगळीकडे तोच. जंगलात शत्रूच्या नजरेला पडू नये म्हणून केलेला छाप दादरच्या फुटपाथवर ढिगाने विकला जात होता. नवा छाप लहान लहान चौकोनी ठिपक्यांचा होता. त्याचे हक्क लष्कराने स्वतःकडे ठेवले होते आणि ते कापड कोणी परस्पर विकू नये, शिवू नये, अशी सूचना आम्हाला आली होती. आम्ही हद्दीतल्या शिंप्यांना ती बजावून आलो आणि आमच्या कामाला लागलो.

श्रावण चालू होता. ठाण्यासमोरच्या गल्लीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक मालवणी बाई होत्या. अर्ध्या ठाण्याचे डबे त्यांच्याकडून येत, आणि ठाणे अंमलदारापासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना आत्या म्हणत. डबा नेहमी त्यांची माणसे आणून देत. त्या दिवशी त्या स्वतः आल्या, डबा टेबलावर ठेवला आणि जायचे नाव घेईनात. बाई डब्यासाठी आलेल्या नाहीत हे समजायला पोलीस असण्याची गरज नव्हती. मी त्यांना बसायला सांगितले.

"साहेब, एक विचारू? मिलिटरीतलो माणूस रजेवर इलो तर चाळीत युनिफॉर्म घालून फिरता?"

"सहसा नाही. का?"

मग त्यांनी सगळे सांगितले. त्यांचे थोरले भाऊ गिरणी बंद पडल्यावर एका इमारतीवर सुरक्षारक्षक म्हणून राहिलेले, आता घरीच. भावाची एकुलती एक मुलगी परळच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासणीच्या कामावर. तिथेच तिची एका तरुणाशी ओळख झाली. तो स्वतःला लष्करातला कॅप्टन म्हणवत होता. ठिपक्यांच्या गणवेशात तो चाळीत आला की जिन्यातली माणसे बाजूला होऊन वाट देत. सुपारी फुटली होती. आता त्याची नेमणूक ईशान्येच्या जंगलात निघाली होती म्हणे, आणि म्हणून गणपतीच्या आधी एखाद्या देवळात लग्न उरकायचे होते. मुलीने नोकरीचा राजीनामा लिहून तयार ठेवला होता. आणि चाळीचा पुनर्विकास होणार असल्यामुळे सासरे आपल्या खोलीचे कुलमुखत्यारपत्र लग्नाच्याच दिवशी जावयाच्या नावे करून देणार होते. वर्दीपुढे बिल्डर सुतासारखा सरळ येतो, असे जावयाने त्यांना पटवले होते.

"गणपती तोंडावर इले. आमच्यात ह्या दिवसांत लग्नाचा नाव तरी कोण काढता? आणि लगीन नि खोलीचे कागद एकाच दिवशी? माका काय ता बरा वाटना नाय."

"भावाला सांगितलंत का हे?"

"सांगलंय. म्हणता, तुझ्या पोटात दुखता." आत्यांनी पदराने कपाळ पुसले. "माझा नाव मात्र खंय येता नये, साहेब. भाऊ आसा तो माझो."

खबरी बहुतेक वेळा पैशासाठी किंवा सूडासाठी बोलतो, आणि त्याची खबर त्या हिशेबाने चाळून घ्यावी लागते. आत्यांचा यात काहीच फायदा नव्हता, उलट भाऊ तुटण्याची भीती होती. नुकसान सोसून कोणी खबर देत असेल तर ती मी कधीही सोडली नाही. पाणी कुठेतरी मुरत होते, पण ते सिद्ध कसे करायचे?

वरिष्ठांना सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "तो खराच कॅप्टन निघाला तर? लग्नघरातून लष्करी अधिकारी उचलून आणला म्हणून आपली दोघांची वरात निघेल. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका." ते चुकीचे बोलत नव्हते. रीतीप्रमाणे आम्ही लष्कराकडे पडताळणीचे पत्र पाठवले. पण माणसाचे नाव गल्लोगल्ली सापडेल असे, पलटण विचारली तर 'गुप्त आहे', आणि पत्राचे उत्तर त्याच्या चालीने येणार. तोवर मुलगी लग्न होऊन, नोकरी सोडून, बापाच्या डोक्यावरचे छप्पर देऊन मोकळी झाली असती. लग्नानंतर तक्रार घ्यायला मी बसलेलो असणारच होतो, पण तेव्हा त्या तक्रारीचा तिला काय उपयोग? मी ठरवले, हे लग्नाआधी उलगडायचे.

आत्यांच्या मोबाइलमध्ये सुपारीच्या दिवशीचा एक फोटो होता. मुलगी हिरव्या साडीत, शेजारी तो गणवेशात, ताठ. तो मी माझ्या मोबाइलवर घेतला आणि दिवसभर सवड मिळेल तेव्हा पाहत राहिलो. बूट बरोबर, केस बारीक, खांद्यावरच्या पट्ट्या बरोबर. तरी काहीतरी खटकत होते. शेवटी लक्षात आले की त्याच्या छातीला खिसाच नाही. फोटो मोठा करून पाहिला तर खिसा होता, झाकणासकट होता, पण ठिपके शर्टावरून खिशावर आणि खिशावरून पुन्हा शर्टावर असे सरळ निघून गेले होते की कड कुठे आहे ते कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दक्षिण मुंबईतल्या लष्करी पोलिसांच्या कचेरीत गेलो. तिथे एक सुभेदार होते, साताऱ्याकडचे, जन्माचे गप्पिष्ट. त्यांनी फोटो पाहिला आणि आपला शर्ट माझ्यासमोर ताणून धरला.

"जंगलात माणूस कशानं सापडतो सांगा. रंगानं नव्हं, कडेनं सापडतो. खांद्याची कड, हाताची कड, टोपीची कड. झाडीत ऊन तुकड्यातुकड्यानं पडतं, तसे हे तुकडे आमच्या अंगावर. डोळ्याला माणसाची कड घावत नाही, की झालं."

"मग खिशाची कड लपली तर ते चांगलंच की."

"आवो, पण लपवणार कोण?" सुभेदार हसले. "आमचे कपडे कारखान्यात गठ्ठ्यानं कापतात. थरावर थर रचायचे आणि मशीन फिरवायची. खिसा कुठल्या ठिपक्याचा येईल ते त्या मशीनलाबी ठाऊक नसतं. हा बघा माझा." त्यांच्या शर्टावर खिसा स्पष्ट दिसत होता, हिरवा ठिपका मध्येच तुटून शेजारी तपकिरी सुरू झाला होता. "हा फोटोतला शर्ट कुण्या एका माणसानं एका माणसासाठी बसून शिवलाय. आणि लई मायेनं शिवलाय."

त्यांचे हे बोलणे न्यायालयात पुरावा म्हणून चालले नसते. शर्ट शिवून घेतला म्हणून कॅप्टन खोटा ठरत नाही. पण मला धरायला एक टोक मिळाले होते: तो शिंपी.

फोटोतला फक्त छातीचा भाग ठेवून मी आमच्या हवालदाराला दादर, परळ, लालबागच्या शिंप्यांकडे पाठवले. 'असा खिसा कोण जुळवतो?' एवढेच विचारायचे होते. लग्नाच्या सुटांचे काम करणाऱ्यांनी तो फोटो पाहून एकाच माणसाचे नाव घेतले. चौकडीच्या कापडाचा कोट शिवावा तर त्यांनीच, चौकडी पाठीपासून बाहीपर्यंत कुठे तुटणार नाही, असा त्यांचा लौकिक. लालबागच्या एका चिंचोळ्या गल्लीत त्यांचे दुकान होते. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच राहिलेल्या ख्रिस्ती घरातले गृहस्थ, पासष्टीच्या पुढचे. सगळा परिसर त्यांना मास्तर म्हणे. गल्लीतल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या देखाव्याचे पडदे आणि कपडे कित्येक वर्षे तेच शिवत आले होते.

त्या वयाच्या माणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, कायदाच तसा आहे. म्हणून मी स्टेशन डायरीला नोंद करून साध्या कपड्यांत त्यांच्या दुकानात गेलो. मास्तर शिलाई मशीनवर होते. मी ओळख सांगितली आणि फोटो पुढे ठेवला. त्यांनी चष्म्यातून पाहिले आणि पाय थांबवला.

"हे तुमचं काम?"

"माझाच हाय."

"कोणासाठी शिवलंत?"

"ते नाय सांगनार."

मला वाटले ऐकण्यात चूक झाली. "मास्तर, या कापडाबद्दल आमची माणसं तुम्हाला सांगून गेली होती."

"गेलेली. त्याच्या भीतीने नाय सांगत, असा नाय. मी जबान दिलीय. दहा दिवस बसवा, तरी नाय सांगनार."

मी चहा मागवला. गोडीने विचारले, दरडावून विचारले, पुन्हा गोडीने विचारले. फसवणुकीत सहआरोपी व्हाल असे बजावले. मास्तर ताकास तूर लागू देईनात. मध्येच त्यांनी एक बटण लावून घेतले. मी नोकरीत अट्टल चोरांना बोलते केले आहे, आणि हा म्हातारा समोर बसून मला बटणघरे दाखवत होता. राग आला, खोटे कशाला बोलू. पण खोटे बोलणाऱ्या माणसाकडे पाहिले की मला कळते, आणि हा माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला फक्त बोलायचे नव्हते. गुन्हेगार नेहमी काहीतरी सांगतो, चुकीचे का होईना. गप्प बसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी सांभाळत असतो.

निघता निघता मी सहज म्हणालो, "खिसा मात्र चुकलाय तुमचा. लष्कराच्या कपड्यात तो जुळत नाही."

मास्तरांनी मान झटक्यात वर केली. "चुकला? जुळवला नाय तर तो शिंपी कसला? पब्लिक दोन फुटावरून बघते, साहेब. अख्खी मुंबई येते."

एवढे बोलून त्यांनी ओठ मिटले, पण बोलायचे ते बोलून झाले होते. अख्खी मुंबई लालबागच्या गल्लीत कशासाठी येते? मी भिंतीकडे पाहिले. मशीनवर येशूची तसबीर, तिच्याखाली मंडळाने दिलेली मानाची शाल काचेत लावलेली. शर्ट त्यांनी देखाव्यासाठी शिवला होता.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवे. आमच्या गिरणगावात गणपतीच्या देखाव्याचा विषय ही घराघरांतली गुप्त गोष्ट असते. पडदा उघडेपर्यंत कार्यकर्ता बायकोलाही सांगत नाही. शेजारच्या गल्लीला सुगावा लागला तर वर्षाची मेहनत फुकट. आणि जो शिवतो, रंगवतो, ठोकतो, त्याने काही विचारायचे नसते. विचारणे हाच मोठा आगाऊपणा. मंडळाकडून दरवर्षी वेगळा कार्यकर्ता कापड घेऊन येई, 'देखाव्याचं आहे मास्तर' एवढेच म्हणे, आणि मास्तर माप घेत. यंदा एक तरणाताठा गडी असाच आला असणार. मास्तरांनी अध्यक्षांना फोन करून खातरी करायची, तर तेच रीतीबाहेरचे. कापडाच्या बंदीची शंकाही त्यांना आली नसणार, कारण नाटकात किंवा देखाव्यात सैनिकाचा वेश घातला तर तो गुन्हा होत नाही. तिथे कोणी कोणाला फसवत नाही.

मी थेट मंडळाच्या अध्यक्षांना गाठले. साठीचे, रुंद छातीचे, बेस्टमधून निवृत्त झालेले गृहस्थ. मांडव उभा राहत होता आणि ते बांबूवाल्यांवर ओरडत होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, "यंदा देखाव्यात जवान आहेत का?"

अध्यक्षांनी दोन्ही हात पुढे केले. "साहेब, हातात बेड्या घाला, पण हा प्रश्न विचारू नका."

"एका मुलीचं आयुष्य अडकलंय."

मी त्यांना नाव न सांगता सगळे सांगितले. त्यांनी डोके खाजवले. मग म्हणाले, "कपडे शिवायला अजून आम्ही मास्तरांकडे कोणाला पाठवलंच नाही."

"हे मास्तरांना तुम्ही येऊन सांगा. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही."

अध्यक्ष आले. मी त्यांच्या मागोमाग दुकानात शिरलो तर त्यांनी मला उंबऱ्यावरच अडवले. "तुम्ही बाहेर थांबा. मास्तरांना पटवायचं तर आमचा खरा विषय सांगावा लागेल. तो तुम्हालाही कळता कामा नये." निरीक्षक असून मी निमूटपणे बाहेर उभा राहिलो आणि काचेतून पाहत राहिलो. अध्यक्ष मास्तरांच्या कानाशी लागले. मास्तरांनी एकदा मान हलवली, मग नाही म्हटले, मग त्यांचा हात कपाळाला गेला. अध्यक्ष बाहेर आले तेव्हा मास्तर मशीनवर दोन्ही कोपरे टेकून बसले होते.

"साहेब, मला फसवला त्याने," ते म्हणाले. "बाप्पाच्या नावाने फसवला."

मग त्यांनी सगळे सांगितले. त्या माणसाचा फोन नंबर, त्याची मापे, त्याने घोटीव तयारीने सांगितलेली कहाणी: सीमेवरचे जंगल, दबा धरून बसलेले जवान, मधोमध बाप्पा. तोच जवान म्हणून उभा राहणार होता, म्हणून त्याच्याच मापाचा गणवेश. मास्तरांना देखावा इतका आवडला होता की त्यांनी खिशाच्या ठिपक्यांवर अख्खा दिवस घालवला होता.

आता माणूस हातात येण्यासारखा होता. पण मुलगी आणि तिचे वडील त्याच्या बाजूने उभे राहिले असते तर तक्रार कोण देणार? पोलिसांचे अर्धे खटले इथेच बुडतात. मी एका महिला उपनिरीक्षकाला बरोबर घेऊन रुग्णालयाच्या कँटीनमध्ये मुलीला भेटलो. सहकाऱ्यांना हे पसंत नव्हते. ती त्याला सावध करेल, असे त्यांचे म्हणणे. मला तो धोका पत्करायचाच होता, कारण आयुष्य तिचे होते.

तिने सगळे ऐकून घेतले. आवाज चढला नाही.

"पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"एक शर्ट आणि तो शिवणारा माणूस."

"सर, माझ्याकडे रिपोर्ट चुकीचा वाटला तर मी दुसऱ्याचं ऐकून बदलत नाही. पुन्हा टेस्ट लावते." तिने ग्लास दूर सरकवला. "मला माझ्या कानाने ऐकायचंय."

"त्याला काही कळता कामा नये."

"आज संध्याकाळी त्याचा फोन येईल. मी नेहमीसारखी बोलेन. तेवढं जमेल मला."

बेत साधा होता. मास्तरांनी त्याला फोन करून सांगायचे की शिलाईत चूक राहिली आहे, शर्ट घेऊन ये. मास्तर फोन हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. खोटे बोलायला त्यांची हरकत नव्हती. आपले काम चुकले असे तोंडाने म्हणणे त्यांना जड जात होते. शेवटी त्यांनी ते म्हटले आणि फोन ठेवला. मला मास्तरांबद्दल फार आदर वाटला आणि तो मी त्यांना तिथेच बोलून दाखवला. त्यांनी फक्त हात हलवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे बदलायच्या पडद्याआड ती मुलगी आणि उपनिरीक्षक उभ्या होत्या. मी पँटच्या मापाला आलेले गिऱ्हाईक झालो होतो. बाकावर बसलेले दोघे पंच होते. तो आला. साध्या कपड्यांत, हातात पिशवी, चेहरा हसरा. गोड बोलणारा, देखणा माणूस. मुलगी भुलली यात तिचे काही चुकले असे मला वाटले नाही.

मास्तरांनी शर्ट टेबलावर पसरला आणि विचारले, "काय, देखाव्याची तयारी झाली काय?"

"जोरात मास्तर. जंगल अर्धं उभं राहिलंय. आपलं काम बघून पब्लिक वेडी होणार."

"तू मंडळात किती वर्षं?"

"लहानपणापासून. देखाव्याचं डिपार्टमेंट आपलंच."

पडदा बाजूला झाला. मुलगी बाहेर आली आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. त्याचा चेहरा क्षणभरच उतरला. मी अनेक भामटे पाहिले, पण इतक्या लवकर सावरलेला दुसरा पाहिला नाही. तो तिच्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाला, "तू इथे कशी? हे बघ, यात काही गोष्टी सिक्रेट असतात. कव्हर म्हणून बोलावं लागतं. घरी गेल्यावर सांगतो."

"इथेच सांग," ती म्हणाली. "मंडळातला की पलटणीतला? या काकांसमोर एक काय ते बोल."

कॅप्टन म्हटले असते तर मास्तर समोर होते, कार्यकर्ता म्हटले असते तर ती समोर होती. त्याची दोन्ही सोंगे एका दुकानात कधी भेटली नव्हती. त्याने दाराकडे पाहिले. दारात आमचा हवालदार उभा होता. मी मापाची पँट खाली ठेवून ओळख सांगितली. शर्टाचा पंचनामा मास्तरांच्याच टेबलावर झाला.

पुढचे सगळे कोठडीत उलगडले. तो कोणत्याच लष्करात नव्हता. एका सजावटवाल्याकडे त्याने काही वर्षे काम केले होते, देखावे उभारायला गल्लोगल्ली फिरला होता, आणि तिथल्या गुप्ततेची रीत त्याने बरोबर हेरली होती. जिथे कोणी विचारत नाही तिथे शिरायचे, हे त्याचे भांडवल. आणखी एका शहरातही त्याची एक सोयरीक ठरलेली निघाली. लष्कराकडून आमच्या पत्राचे उत्तर आले तेव्हा तो कोठडीत होता.

तक्रारीच्या वेळी मात्र मला जे वाटत होते तेच झाले. मुलीचे वडील ठाण्यात आले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, वाचलो, उपकार झाले. पण आता लिहू नका काही. पोरीचं नाव पेपरात येईल. चाळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही." असे हजारो बाप मी पाहिले. त्यांच्यावर रागावता येत नाही, आणि त्यांचे ऐकले तर तो माणूस जामिनावर सुटून पुढच्या घरी सुपारी फोडतो.

मी काही बोलण्याआधी मुलगीच खुर्ची ओढून बसली. "लिहा सर. माझ्या नावाने लिहा. बाबा, लाज त्याने बाळगायची. मी का बाळगू?" तिने जबाब दिला तो सलग दिला, एकदाही न अडखळता. सही केल्यावर मात्र तिला रडू कोसळले, आणि आत्या, ज्यांचे नाव कुठेही येऊ द्यायचे नव्हते, त्या सरळ ठाण्यात शिरून तिला जवळ घेऊन बसल्या. भाऊ-बहीण त्या दिवशी एकमेकांशी बोलले नाहीत. गणपतीत बोलले असे नंतर समजले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, आणि ती नव्या अधिकाऱ्यांना मी आवर्जून सांगत आलो. फसलेल्या माणसाला आपण हावरट किंवा बावळट समजतो आणि त्याच सुरात त्याला प्रश्न विचारतो. म्हणून तो पुन्हा ठाण्याची पायरी चढत नाही. इथे कोण हावरट होते? मास्तरांनी दिलेला शब्द पाळला. वडिलांनी वर्दीला मान दिला. मुलीने जीव लावला. त्या भामट्याने यांचे दोष नाही वापरले, गुण वापरले. चांगल्या माणसांच्या वस्तीत त्याला लपायला जागा मिळते, आणि त्याला बाहेर काढायचे तर चांगल्या माणसांनी आपली भीड मोडावी लागते. मास्तरांनी मोडली, अध्यक्षांनी मोडली, आत्यांनी तर सर्वांआधी मोडली. पण सगळ्यांत जास्त किंमत त्या मुलीने मोजली.

खटला उभा राहिला तेव्हा मी साक्षीला गेलो होतो. माझी साक्ष झाल्यावर मी मागे बसून राहिलो. आरोपीच्या वकिलांनी मुलीची उलटतपासणी घेतली. अगदी सौजन्याने, थोडे हसून त्यांनी विचारले, "तुम्ही शिकलेल्या. प्रयोगशाळेत काम करता, खरं-खोटं तपासणं हाच तुमचा व्यवसाय. आणि इतक्या महिन्यांत तुम्हाला काहीच कळलं नाही, यावर न्यायालयाने विश्वास ठेवावा?"

पाठीमागे कोणीतरी हसले. मुलीने पिंजऱ्याचा कठडा धरला होता.

"नाही कळलं," ती म्हणाली. "कळलं असतं तर मी घरी बसले असते. नाही कळलं, म्हणून इथे येऊन सांगतेय."

न्यायाधीशांनी पेन थांबवले, तिच्याकडे पाहिले आणि लेखनिकाला म्हणाले, "हे उत्तर तिच्याच शब्दांत घ्या."